पश्चिमेची भिंत

कमिटीच्या त्या बैठकीत मी खोटं बोललो नाही. हे वाक्य मी कितीतरी दिवस स्वतःला ऐकवलं. दात घासताना, स्कूटरवर, जेवताना, प्रार्थनेला डोळे मिटल्यावरसुद्धा. खोटं बोललो नाही, फक्त गप्प बसलो. पण गप्प बसूनही दुसऱ्याचं वाटोळं करता येतं, आणि मी बनुबाईचं तसंच केलं.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझा तोरा कुठून आला ते कळेल. मी नोहा उजागरे. तेहतीस वर्षं सरकारी नोकरीत पूल आणि रस्त्याखालच्या मोऱ्या बांधल्या. पुलावरून लोक जातात, पुलात कुणी राहत नाही, त्यामुळे माझ्या कामाबद्दल कधी कुणी तक्रार केली नाही, आणि मला वाटायला लागलं की आपलं चुकतच नाही. निवृत्त झालो आणि घोडेगावजवळच्या आमच्या चर्चच्या मंडळीने वृद्धाश्रम बांधायचं ठरवलं. नकाशा माझ्याकडे आला. जमीन चर्चची, देणगी परगावच्या लोकांची आणि अक्कल माझी, असं मी तेव्हा हसत हसत म्हणायचो.

मला सिमेंटची भट्टी बांधायची नव्हती. लहानपणी मिशनच्या एका जुन्या दवाखान्यात आई मला घेऊन जायची. भर मे महिन्यात त्या दगडी खोलीत शिरलं की अंगावरचा घाम गार व्हायचा. दवाखाना पुढे पडला, पण तो गारवा माझ्या डोक्यात राहिला. म्हणून वृद्धाश्रमाला मी दीड फूट जाडीच्या काळ्या दगडाच्या भिंती घेतल्या. त्यातलं गणित साधं आहे. जाड दगड दिवसभराची उष्णता पोटात घेतो, आतल्या माणसापर्यंत लवकर पोहोचू देत नाही. रात्री वरच्या खिडक्या उघडायच्या, गार वारा आत घ्यायचा, भिंती निववायच्या. सकाळी ऊन वर यायच्या आत खिडक्या लावून घ्यायच्या. कूलर नको, एसी नको, वीज लागलीच तर पंख्यापुरती. हे गणित मी ज्याला त्याला समजावून सांगायचो, त्याने विचारलं नसलं तरी.

गवंडीकाम भिमाजीकडे होतं. माझ्याच वयाचा माणूस, दगडावर हात असा की दोन दगडांच्या सांध्यात भरलेली सिमेंटची रेघ आखून काढल्यासारखी दिसावी. पहिल्या नकाशात पश्चिमेच्या भिंतीला पडवी होती. ती मी काढून टाकली. का, तर पश्चिमेची भिंत रस्त्याच्या बाजूला येते आणि भिमाजीने ती इतकी देखणी उभी केली होती की पडवीने झाकायला जीव होईना. फोटो चांगला आला असता. खरं कारण एवढंच. बाकी कारणं मी नंतर शोधली.

भिमाजी म्हणाला, "साहेब, मावळतीला पडवी पायजे. न्हाईतर ऊन दगडात घुसंल."

"दीड फूट दगड आहे, भिमाजी. दीड फूट! ऊन आरपार येईपर्यंत सूर्य मावळलेला असेल."

"मग मावळल्यावर यील की."

आजूबाजूला चार कामगार होते. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "भिमाजी, तुम्ही टाकी चालवा. डोकं मी चालवतो." कामगार हसले. भिमाजीने खाली वाकून टाकी उचलली.

गेल्या डिसेंबरात उद्घाटन झालं. थंडीत सगळ्याच भिंती शहाण्या असतात. फेब्रुवारी-मार्चात मी पाहुण्यांना दुपारी चार वाजता मुद्दाम आत न्यायचो आणि म्हणायचो, "हात लावा. लावा, लावा. बाहेर काय ऊन आहे आणि ही भिंत बघा." पाहुणे हात लावायचे आणि माना डोलवायचे. आमच्याकडे रविवारच्या उपासनेत साक्षीची वेळ असते. कुणी आजारातून उठलं, कुणाच्या मुलाला नोकरी लागली, की तो उभा राहून सांगतो आणि देवाचे आभार मानतो. मी तिथेही भिंतीबद्दल बोलायचो. देवाचं नाव घ्यायचो, पण बोलत होतो स्वतःबद्दलच, हे बहुतेक सगळ्यांना कळत असणार.

बनुबाई तिथली सांभाळणारी बाई. पन्नाशीची, विधवा, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत राहणारी. आठ म्हाताऱ्यांचं खाणंपिणं, औषधं, अंघोळी, सगळं तिच्याकडे. त्यात मी खिडक्यांची भर घातली. रात्री नऊला आकडीच्या काठीने वरच्या सहा खिडक्या उघडायच्या, सकाळी सहाला लावायच्या. हे मी तिला तीनदा समजावलं, जणू ती रॉकेट सोडणार होती. तिने तिन्ही वेळा "व्हय जी" म्हटलं.

एप्रिलच्या मध्यावर मी एका सकाळी गेलो तर बायकांच्या खोलीतल्या आठही खाटा पूर्वेच्या भिंतीला, बाजारातल्या म्हशींसारख्या एकमेकींना खेटून. पश्चिमेची भिंत मोकळी. माझं डोकंच फिरलं. खोलीचा सगळा आराखडा मी चार-चार खाटांचा केला होता.

"हे काय लावलंय?" मी ओरडलो.

साळूबाई नावाची अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी, दात नाहीत पण जीभ शाबूत. ती म्हणाली, "साहेब, त्या भिताडाला ताप येतोय. रातच्याला. आमच्यावानीच."

मी भिंतीपाशी गेलो, तळहात टेकवला. सकाळचे दहा वाजले होते, दगड साधारण होता. "कुठे आहे ताप? या, हात लावा."

"आता न्हाई. रातच्याला, दोनाच्या पुढं."

"साळूबाई, सकाळी नाही, दुपारी नाही, आणि रात्री दोनला भिंत तापते? चुलीवर ठेवता का तिला?"

बाकीच्या बायका खाली बघत राहिल्या. मी खाटा पुन्हा जागच्या जागी लावायला सांगितल्या, आणि नेमकी साळूबाईची खाट पश्चिमेच्या भिंतीला आली. पुढच्या रविवारी साक्षीच्या वेळी मी हा किस्सा सांगितला. भिंतीला ताप येतो म्हणे! मंडळी खूप हसली. साळूबाई मागच्या बाकावर बसली होती, हे मला माहीत होतं.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात साळूबाईला पहाटे उठता येईना. जीभ कोरडी, डोळे खोल, बोलणं बरळल्यासारखं. बनुबाईने टेम्पो बोलावला, तिला मांडीवर घेऊन नगरला नेलं. चार दिवस सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी आटलं होतं, अजून दोन तास उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं.

कमिटी बसायची ठरली. एकदम गार म्हणून नावाजलेल्या इमारतीत बाई उष्म्याने मरायला टेकते, म्हणजे कुणाचं तरी चुकलं. मी आधीच सांगून मोकळा झालो होतो की रात्री खिडक्या उघडल्या जात नसणार. लोकांना पटलंही, कारण त्याच दिवसांत शेजारच्या उसात बिबट्या दिसला होता आणि बायामाणसं अंधार पडला की कडी लावून बसायची. बनुबाई भ्याली असणार, असं सगळ्यांनी मनाशी धरलं.

आता ती गोष्ट, जी मी कुणाला सांगितली नव्हती. माझ्या मुलाने पुण्याहून एक यंत्र पाठवलं होतं, काडेपेटीएवढं. भिंतीला चिकटवून ठेवायचं, अर्ध्या अर्ध्या तासाने ते भिंतीचं तापमान टिपतं. मला एका मासिकात लेख लिहायचा होता, त्यासाठी मी ते पश्चिमेच्या भिंतीला, साळूबाईच्या खाटेच्या वर लावलं होतं आणि विसरून गेलो होतो. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी आठवलं. जाऊन त्यातली आकडेवारी मोबाईलमध्ये घेतली आणि घरी येऊन लॅपटॉपवर उघडली. बनुबाईने खिडक्या उघडल्या नाहीत याचा पुरावा मिळेल म्हणून मी खूश होतो.

पडद्यावर रेघ आली. रोज रात्री नऊ वाजता ती रेघ खाली वळत होती. खिडकी उघडली, वारा आत आला, भिंत निवायला लागली, याची ती खूण. एकतीस रात्री होत्या. एकतीसच्या एकतीस रात्री, बिबट्या दिसला त्या रात्रीसुद्धा, बरोबर नऊला. आणि मग दरेक रात्री बारा-साडेबाराच्या सुमारास ती रेघ पुन्हा वर चढायला लागायची. दोनला, तीनला भिंत अडतीस अंशांवर. बाहेर तेव्हा सत्तावीस असणार.

मला पाच मिनिटंही लागली नाहीत. जी गोष्ट मी गावभर सांगत फिरलो, तीच माझ्यासमोर होती. दगड उशिरा तापतो. दुपारी चारचं मावळतीचं ऊन काळ्या दगडात शिरलं की दीड फूट चालत आत यायला त्याला दहा तास लागतात. म्हणजे मध्यरात्रीनंतर ते म्हाताऱ्यांच्या उशाशी पोहोचतं. मी पाहुण्यांना दुपारी चारला हात लावायला लावत होतो आणि रात्री तिथे एकदाही झोपलो नव्हतो. बाहेर पडवी असती तर ऊन दगडाला लागलंच नसतं. मग मावळल्यावर यील की, असं भिमाजी म्हणाला होता. मी लॅपटॉप मिटला. बायकोने विचारलं, काय निघालं. म्हटलं, काही नाही.

दुसऱ्या दिवशी बैठकीत आमच्या चर्चचे पाळक, याकोबसाहेब, सरळ मनाचा माणूस, त्यांनी मला विचारलं, "नोहासाहेब, रात्री खिडक्या उघडल्या नाहीत तर भिंती गरम राहतात, बरोबर ना?"

"बरोबर," मी म्हणालो.

वाक्य खरं होतं. दगडाच्या कुठल्याही इमारतीबद्दल ते खरंच आहे. बनुबाई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "मी रोज उघडत हुते जी." आणि तिने माझ्याकडे बघितलं. बाकी कुणाकडे नाही, माझ्याकडे. मी टेबलावरचं पेन उचलून त्याचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. कमिटीने ठरवलं की बाईंनी शनिवारपर्यंत खोली मोकळी करावी. सगळं पंधरा मिनिटांत उरकलं.

शनिवारी पहाटे मी वृद्धाश्रमात गेलो. का गेलो तेही सांगतो, आता लपवण्यात अर्थ नाही. भिंतीवरचं यंत्र कुणी बघायच्या आत काढून आणायला गेलो होतो. उजाडत होतं. बनुबाईच्या खोलीच्या दाराशी एक पिशवी आणि एक बोचकं बांधून ठेवलेलं. आणि बनुबाई आकडीची काठी घेऊन खिडक्या लावत होती. एक, दोन, तीन.

"आज कशाला लावता?" माझ्या तोंडातून निघून गेलं.

"सा वाजले न्हवं का. ऊन वर यायच्या आत लावायच्या, तुमीच सांगितलंय."

आतल्या खाटा पुन्हा पूर्वेला सरकलेल्या होत्या. मी यंत्र काढायला भिंतीवर हात टेकला आणि हात दचकून मागे आला. सकाळचे सहा, बाहेर गार वारं, आणि भिंत गरम. साळूबाई बरोबर म्हणाली होती. मी यंत्र खिशात घातलं. बनुबाईने ते बघितलं. तिने काठी माझ्या हातात दिली. "तिसऱ्या खिडकीचं कडं वाकडं हाय. जरा उचलून वढावं लागतं. नव्या बाईला सांगा." मग तिने म्हाताऱ्यांना एकेकीला सलाम केला आणि कर्जतला भावाकडे जायला म्हणून एस.टी. स्टँडकडे निघाली. मी काठी धरून उभा राहिलो.

नवी बाई मिळेना. स्वयंपाकाला गावातली एक मुलगी येऊ लागली, पण रात्री थांबायला ती तयार नव्हती. तेव्हा खिडक्या माझ्याकडे आल्या. रात्री नऊला जायचो, सकाळी सहाला जायचो. तिसऱ्या खिडकीशी रोज माझी झटापट व्हायची. साळूबाई इस्पितळातून परत आली होती. पहिल्याच सकाळी तिने खाटेवरून विचारलं, "काल खिडक्या कुनी उगडल्या?"

"मी."

"मंग भिताड का तापलं?"

यापुढे लपवणं शक्य नव्हतं. म्हणून त्या रविवारी साक्षीच्या वेळी मी उभा राहिलो. माझ्याकडून चूक झाली, म्हणालो. पश्चिमेला पडवी ठेवायला हवी होती, भिमाजीने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. दोष खिडक्यांचा नव्हता, माझ्या भिंतीचा होता.

झालं भलतंच. मंडळीतून आमेन, आमेन असे आवाज आले. याकोबसाहेब म्हणाले, एवढा शिकलेला माणूस, एवढ्या वयात, भर सभेत चूक कबूल करतो, ही नम्रता आपण सगळ्यांनी शिकावी. बाहेर आल्यावर लोकांनी माझे हात हातात घेतले. कुणीतरी माझा व्हिडिओ मंडळीच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत शंभरावर अंगठे आले होते, आणि मी ते मोजत बसलो होतो, हे सांगायलाही मला लाज वाटते.

एकट्या साळूबाईने दारात मला अडवलं. "मंग आमच्या बनूला का घालवलं?"

"बोलावू तिला," याकोबसाहेब मागून म्हणाले. "नोहासाहेब, तुम्हीच जा."

मी कर्जतला गेलो. बनुबाईचा भाऊ कल्याण, त्याचं गावाबाहेर पत्र्याचं घर. दुपारचे दोन. पत्रा असा तापलेला की घरात बसवत नव्हतं, सगळी माणसं बाहेर लिंबाखाली. बनुबाईने मला पाण्याचा तांब्या दिला आणि समोर जमिनीवर बसली.

मी सगळं सांगितलं. भिंत, पडवी, दहा तास, मंडळीपुढची कबुली. पडवीचं काम भिमाजीला दिलंय, हेही सांगितलं. त्याने फक्त लांबी विचारली होती, दुसरं अक्षर काढलं नव्हतं. "तुमची काहीच चूक नव्हती, बनुबाई. परत चला. मंडळीने सांगितलंय."

ती बराच वेळ पदराच्या टोकाला गाठ मारत आणि सोडत राहिली. मग तिने विचारलं, "मीटिंगच्या दिशी तुमाला ठाऊक हुतं का?"

लिंबाखाली कल्याणची बायको शेंगा फोडत होती, तिचे हात थांबले. मला नाही म्हणता आलं असतं. यंत्राची आकडेवारी नंतर बघितली, असं म्हणालो असतो तर कुणाला कधी कळलं नसतं. ते वाक्य माझ्या जिभेवर तयारसुद्धा होतं.

"हो," मी म्हणालो.

"किती दिस आदी?"

"एक रात्र."

तिने मान हलवली. तिला आधीपासूनच ठाऊक असावं, त्या पहाटे मी खिशात काय घातलं ते तिने बघितलं होतं. "आमच्या कल्याणच्या सासुरवाडीपातूर गेलंय, साहेब. म्हातारीला गरमीत कोंडून मारत हुती, म्हन्त्यात. मी तिला मांडीवर घिऊन नगरला गेल्ते." तिचा आवाज चढला नाही. "भिंतीचं तुमी सांगितलं, ते बरं झालं. पर माज्यासाठी ते न्हवतंच. ही एका रातीची गोष्ट सांगा. तिथंच, मंडळीत. मी म्होरच्या बाकावर बसून ऐकते. मग बघू."

परतीच्या एस.टी.त मी मनातल्या मनात अनेक वाक्यं जुळवली. एकात 'परिस्थितीमुळे' होतं, एकात 'मोहाचा क्षण' होता. नगर यायच्या आत सगळी टाकून दिली.

पुढच्या रविवारी ती आली. बायकांच्या बाजूला, पहिल्या बाकावर, पायाशी तीच पिशवी आणि तेच बोचकं. साक्षीची वेळ झाली. मी उभा राहिलो तेव्हा मागे कुणीतरी आधीच मोबाईल वर धरला.

मी सांगितलं की गेल्या रविवारी मी अर्धंच बोललो. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मला सगळं कळलं होतं. यंत्रात दिसत होतं की बनुबाईने एकतीस रात्री खिडक्या उघडल्या, एकही चुकवली नाही. ती दाराशी उभी राहून माझ्याकडे बघत होती आणि मी पेनाचं टोपण लावत होतो. नंतर पहाटे जाऊन मी यंत्र काढून आणलं, कुणी बघू नये म्हणून. माझं नाव राहावं म्हणून मी तिचं घालवलं.

या वेळी आमेन आला नाही. मोबाईल खाली गेला. याकोबसाहेब पवित्र शास्त्राची पानं उलटत राहिले, त्यांना पुढचं गीत सांगायचं सुचेना. बनुबाई समोर बघत होती. मी बसलो तेव्हा माझ्या बाकावरचे दोघं जरा सरकले, जागा करून द्यायला की काय, मला समजलं नाही.

उपासनेनंतर मी तिच्या मागोमाग वृद्धाश्रमापर्यंत गेलो. म्हाताऱ्यांनी तिला गराडा घातला, साळूबाईने तर तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मी कोपऱ्यातली आकडीची काठी आणून तिच्यासमोर धरली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पडवी हुईस्तोवर तुमीच येत जा. आन् रातच्याला हितंच ऱ्हावा. साळू आत्याच्या खाटंवर, ती परत मावळतीच्या भिताडाला लावून. आत्या माज्या खोलीत निजंल."

आज अकरावी रात्र. पश्चिमेला पडवीचे खांब उभे राहिलेत, वर अजून काही नाही. दोन वाजता भिंतीचा ताप येतो. आधी पाठीला कळतं, मग मानेला, मग झोप राहत नाही. नऊ वाजता मी काठी घेऊन उभा राहतो तेव्हा बनुबाई तिसऱ्या खिडकीखाली येऊन थांबते, आणि मी कडं उचलून ओढतो की नाही ते बघते.